पडलेले पाखरू उचलण्याआधी



चैत्र लागला. ज्वारी-हरभऱ्याची खळी उरकली, ऊसतोड संपत आली आणि उन्हाने रान तापू लागले. शिवारातली आपली एक धांदल या दिवसांत संपते आणि पाखरांची सुरू होते. पिंगळ्याची पिले ढोलीबाहेर डोकावू लागतात, पोपटाची पिले पंख झाडू लागतात, टिटवी नांगरटीच्या रानात अंडी घालते. आणि याच दिवसांत घरातले एखादे पोर ओंजळीत काहीतरी जपून आणते आणि म्हणते, "आई, बघ, लिंबाखाली पिलू सापडलं."

त्या पिलाचे पुढे काय होते ते आपण सर्वांनीच पाहिले आहे. टोपलीखाली त्याला ठेवतात, चमच्याने दूध पाजतात, भाताची शिते चोचीत कोंबतात. शेजारपाजारची मुले पाहायला येतात. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी पिलू मान टाकते आणि घरातली पोरे रडतात. त्या घरात माया कमी नव्हती, माहिती कमी होती. मी शेतीखात्याचा माणूस; पण तीस वर्षे बांधाबांधाने हिंडताना पिकाइतकेच प्रश्न मला पाखरांबद्दल विचारले गेले आहेत. म्हणून या आठवड्यात खत-बियाणे बाजूला ठेवून थोडे याविषयी.

हरवलेले की नुसते खाली उतरलेले?

पहिली गोष्ट ही, की जमिनीवर दिसलेले प्रत्येक पिलू पोरके नसते. बरीचशी नसतातच.

पिलाकडे नीट पाहा. अंगावर पुरेशी पिसे आली आहेत, डोळे उघडे आहेत, शेपूट आखूड आहे, ते टुणटुण उड्या मारते आणि हात पुढे केला की झुडपात शिरते. असे पिलू उडायला शिकत आहे. बुलबुल, साळुंकी, चिमणी, कावळा यांची पिले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि काही दिवस जमिनीवर नाहीतर खालच्या फांद्यांवर काढतात. आई-बाप आसपास असतात आणि तिथेच येऊन भरवतात. आपण जवळ उभे राहिलो की ते येत नाहीत आणि आपल्याला वाटते, याला कोणी नाही. अशा वेळी तीस-चाळीस पावले मागे सरा, झाडाआड बसा आणि तास-दोन तास लक्ष ठेवा. आई-बाप येताना दिसले, की तुमचे काम झाले. कुत्रे-मांजर फिरत असेल तर पिलाला उचलून जवळच्याच दाट झुडपात किंवा फांदीवर ठेवा आणि कुत्र्याला बांधा.

दुसरे पिलू उघडेवाघडे असते. अंगावर पिसे नसतात किंवा नुकती फुटलेली असतात, डोळे मिटलेले असतात, उभेही राहता येत नाही. हे वाऱ्याने किंवा माकडाच्या धुडगुसाने घरट्यातून पडलेले असते. घरटे दिसत असेल आणि हात पोहोचत असेल तर पिलाला अलगद परत ठेवा. घरटेच मोडले असेल तर जुनी दुरडी घ्या. पाणी साचणार नाही अशी विरळ विणीची पाहा. तळाशी सुके गवत घाला, दुरडी त्याच झाडाला सावलीच्या फांदीवर पक्की बांधा आणि पिलू तिच्यात ठेवून दूर व्हा. पिलांची हाक ऐकून आई-बाप बहुधा दुरडीवर येतात.

इथे काकू-मावशी मला हमखास अडवतात. "पण साहेब, माणसाचा हात लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात ना?" ही समजूत गावोगाव आहे, पण ती खरी नाही. हात लागला म्हणून पाखरे पिलाला टाकत नाहीत. ती पिलाला ओळखतात ती त्याच्या आवाजावरून आणि जागेवरून. जखमी, आजारी पाखराला दुसरी पाखरे टोचतात, त्यावरून हा समज पसरला असावा. तेव्हा घरट्यात परत ठेवायला भिऊ नका.

टिटवी आणि लांडोर

शेतकऱ्याला सर्वांत जास्त भेटतात ती टिटवीची पिले. टिटवी घरटे असे बांधतच नाही. उघड्या रानात खड्यांच्या मधे खळगा करून ती बहुतेक चार अंडी घालते. अंडी मातीच्या रंगाची, ठिपक्यांची असतात. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ऊन फार झाले तर टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. अंड्यातून निघालेले पिलू अंग सुकताच चालू लागते आणि आईने धोक्याची हाक दिली की जिथे असेल तिथे ढेकळासारखे निपचित पडते. मुलांना वाटते ते मरायला टेकले आहे. ते धडधाकट असते, फक्त आईची आज्ञा पाळत असते. त्याला उचलू नका.

नांगरटीत किंवा रोटाव्हेटर चालवताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर जरा थांबा. अंडी सापडली तर चारी बाजूंनी चार काटक्या रोवा आणि तेवढा हातभर तुकडा सोडून पुढे चला. महिनाभराच्या आत पिले निघून जातात. हातभर रानाने उत्पन्न बुडत नाही.

लांडोरीचे तसेच. ती उसाच्या फडात, दाट गवतात जमिनीवर अंडी घालते. तोडीच्या वेळी अंडी दिसली की कोणीतरी ती घरी नेऊन कोंबडीखाली ठेवतो. पिले निघतातही; पण ती कोंबडीमागे वाढतात, माणसाला भीत नाहीत, आणि एक दिवस गावातल्या कुत्र्यांच्या तोंडी जातात. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याची अंडी उचलणे हा गुन्हाही आहे. त्यापेक्षा तोडकऱ्यांना सांगून त्या जागेभोवती उसाची काही बेटे उभी ठेवा. माणसे हटली की लांडोर परत येऊन बसण्याचा संभव असतो. आणि पाचट जाळू नका, हे तर मी एरवीही सांगतोच. पाचट कुजले तर जमिनीला खत. पेटवले तर खत गेले आणि आत लपलेले जीवही गेले.

घुबडाची राखण

आता ज्या पाखरावर आपण सर्वांत जास्त अन्याय करतो त्याच्याविषयी. पांढऱ्या, बदामासारख्या तोंडाचे गव्हाणी घुबड आपल्या नावातच गव्हाण घेऊन आले आहे. जुने वाडे, देवळांचे कोनाडे, पडक्या विहिरींच्या कपारी, गोठ्याचे माळे ही त्याची घरे. त्याचे लहान भावंड म्हणजे पिंगळा. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी या पाखराची बोली जाणतो आणि त्यावरून भविष्य सांगतो, अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार आहे. एकीकडे हा मान, लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजा. आणि दुसरीकडे घुबड घरावर बसले की दगड. दिवाळीच्या सुमारास तर जादूटोण्याच्या नावाखाली घुबडे पकडून मारली जातात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या मंडळातल्या एका गावात जुना वाडा पाडायला काढला होता. तुळई उतरवताना कोनाड्यातून फुसफुस ऐकू आली. गडी नाग समजून मागे पळाले. बत्ती मारून पाहिले तर घुबडाची पाच पिले, एक कोंबडीएवढे आणि एक मुठीएवढे. या घुबडाची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, दिवसांच्या अंतराने फुटतात, म्हणून पिले अशी लहान-मोठी असतात. घाबरली की ती सापासारखी फुत्कारतात. घरची आजी म्हणाली, "साहेब, अवदसा आहे ही. मारा नाहीतर गावाबाहेर नेऊन टाका. नातीचं लग्न ठरलंय."

मी कोनाड्याखालची एक काळी, सुकलेली गोळी उचलली. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून तोंडावाटे टाकते. ती गोळी आजीपुढे फोडली. आत उंदराचे केस आणि तीन कवट्या निघाल्या. अशा गोळ्यांचा तिथे खच पडला होता. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढे उंदीर खातं व्हय हे? राहू दे मग. पण माझ्या दारासमोर नको."

वनरक्षकाला बोलावले. त्याच्या देखत एक लाकडी खोके आडवे ठेवून, पुढची बाजू अर्धी बंद करून, पलीकडच्या गोठ्याच्या माळ्यावर बसवले आणि पिले त्यात ठेवली. पहिल्या रात्री गडी लांबून पाहत बसले होते. मध्यरात्री दोन्ही घुबडे आली, उंदीर घेऊनच. पाचांपैकी एका पिलाचा पंख तुळईखाली मोडला होता. ते तालुक्याला पशुवैद्यकांकडे पाठवले, पण वाचले नाही. चार पुढे उडून गेली.

एक गव्हाणी घुबड एका रात्रीत तीन-चार उंदीर सहज खाते, आणि पिले असली की दोघे मिळून रात्रभर आणत राहतात. उंदीर आपले उभे पीकही खातो आणि कणगीतले धान्यही. इस्राएलमध्ये शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकापासून शेतात खांबांवर लाकडी खोकी बसवून ही घुबडे वसवली आणि उंदरांवरचे विष कमी केले. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांतही हेच करतात. आपल्याकडे ती फुकट आली आहेत. निदान हाकलू तरी नये.

खरेच जखमी असेल तर

पंख लोंबतो आहे, रक्त येते आहे, मांजराने धरले होते, पाखरू एका कुशीवर पडले आहे किंवा हात लावला तरी हलत नाही, तर ते जखमी समजावे. मांजराचा दात वरून दिसत नाही, पण त्याच्या लाळेने जखम आत चिघळते. म्हणून मांजराने धरलेले पाखरू बरे दिसले तरी सोडून देऊ नये. आता करायचे ते असे:

१. आधी मुलांना आणि कुत्र्याला दूर करा. पाखराला आपण शत्रूच वाटतो. जखमेपेक्षा भीतीने मरणारी पाखरे थोडी नाहीत.

२. अंगावर जुने सुती धोतर किंवा उपरणे टाका, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी अलगद उचला. छाती दाबू नका, कारण पाखरू छाती हलवूनच श्वास घेते. घार, शिक्रा, घुबड यांच्या नख्यांना जपा. बगळा-ढोकरी यांची चोच थेट डोळ्यावर येते; तोंड लांब ठेवा.

३. पुठ्ठ्याचे खोके घ्या. बाजूंना बोटाएवढी भोके पाडा, तळाशी जुने सुती कापड घाला, पाखरू आत ठेवून झाकण लावा. तारेचा पिंजरा नको, त्यात पिसे मोडतात. अंधार आणि शांतता हेच पहिले औषध.

४. खोके घरातल्या सावलीच्या, हवेशीर आणि शांत जागी ठेवा. रेडिओ-टीव्हीजवळ नको, चुलीजवळ नको. उघडे पिलू असेल आणि गारठा असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. चैत्र-वैशाखात तिची गरज पडत नाही.

५. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने काही मिनिटे हलके दाबून धरा. मोडलेला पंख किंवा पाय सुतळीने, काड्यांनी बांधू नका. ते पशुवैद्यकांचे काम.

६. दर घटकेला झाकण उघडून पाहू नका आणि मोबाइलवर फोटो काढत बसू नका.

मायेने होणारे नुकसान

चोच उघडून पाणी ओतू नका. पाखराच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. ओतलेले पाणी फुप्फुसात जाते आणि पाखरू गुदमरते. उन्हाने धापा टाकणारे, चोच वासलेले, पण शुद्धीवर असलेले मोठे पाखरू सावलीत ठेवून जवळ उथळ ताटलीत पाणी ठेवा. त्याला हवे तेव्हा ते स्वतः पिईल.

दूध देऊ नका, पाखराला ते पचत नाही. भात, पोळी, बिस्किटे भरवू नका. घुबड मांस खाते, साळुंकीच्या पिलाला किडे लागतात, होला दाणे खातो. एकाचे अन्न दुसऱ्याला चालत नाही. उपचार करणारा माणूस सांगेपर्यंत काहीही न भरवणेच बरे.

आपल्या घरी जखमेवर हळद-तेल लावतात. माणसाला ठीक आहे, पाखराला नाही. तेलाने पिसे चिकटतात, मग अंगाची ऊबही धरत नाही आणि उडताही येत नाही.

कळवायचे कोणाला?

महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. गावाच्या बीटावरचा वनरक्षक, परिक्षेत्र कार्यालय, तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना ही जवळची ठिकाणे. मोठ्या शहरांत वनविभागाची आणि पक्षिमित्रांची उपचार केंद्रे आहेत. नागपुरात सेमिनरी हिल्सवर असे केंद्र चालते.

"कळवलं तर आमच्यावरच केस होईल," असे पुष्कळजण म्हणतात. उलट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा जीव आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत वनाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवायचे असते. कळवणारा निर्धास्त असतो. घरात ठेवून घेणारा अडचणीत येतो. पोपट पिंजऱ्यात पाळणेही याच कायद्याने गुन्हा आहे, मग तो झाडाखाली सापडलेला का असेना.

एक गोष्ट मात्र वेगळी. एकाच वेळी अनेक कावळे किंवा इतर पाखरे मेलेली दिसली तर हात लावू नका, मुलांना आणि कोंबड्यांना दूर ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी कोंबड्यांना आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळ्यांना बर्ड फ्लू झाल्याचे आढळले होते. एरवीही पाखराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

जखमा कुठून येतात?

पाखरू पडल्यावर धावण्यापेक्षा ते पडूच नये हे बरे. आपल्या शिवारात जखमा होतात त्या ठरावीक ठिकाणी.

विष: उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष उघड्यावर टाकू नका. ते बिळात घाला, बीळ बुजवा आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही जाऊ शकते. औषध लावलेले बियाणे पेरताना वर सांडले तर मातीआड करा. विषबाधेचे पाखरू झोकांड्या खाते, पायाची बोटे आवळते, तोंडातून लाळ येते. त्याला दवाखान्यात नेताना शेतात वापरलेल्या औषधाचे पाकीट बरोबर न्या. नाव कळले तर उपाय लवकर होतो. पाखरू उचलताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा.

मांजा: नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी येवल्यापासून नागपूरपर्यंत संक्रांतीला तो दिसतोच. सण संपला तरी बाभळीवर, तारांवर तो महिनोन्महिने लटकत राहतो. हाताला येईल तेवढा काढून पुरून टाका. तारेवरचा वीजमंडळाच्या माणसाला दाखवा, स्वतः काठी घालू नका. अडकलेल्या पाखराचा दोरा ओढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि अंगात रुतलेला तसाच ठेवून दवाखान्यात न्यावे.

जाळी आणि पाणी: द्राक्ष-डाळिंबाच्या बागेवरची जाळी ताणून बांधा, सैल जाळीत पाखरे अडकतात. काढणीनंतर ती गुंडाळून ठेवा. शेततळ्याचे प्लॅस्टिक निसरडे असते. त्यात पडलेल्या जिवाला वर येता येत नाही. काथ्याचा जाड दोर किंवा जुने बारदान काठाला बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. पाण्याच्या टाकीला झाकण ठेवा. उथळ परातीत रोज पाणी ठेवले तर पाखरे खोल पाण्याकडे कमी जातील.

परत सोडणे

बरे झालेले पाखरू घरी लळा लावून ठेवले तर आपल्याला बरे वाटते, त्याला नाही. माणसाच्या हातून खाल्लेले पिलू शिकार शिकत नाही, स्वतःच्या जातीला ओळखेनासे होते आणि कुत्र्या-मांजराला भीत नाही. म्हणून शक्य तो मोठे पाखरू जिथे सापडले तिथेच परत सोडतात. तिथली पाण्याची, चाऱ्याची जागा त्याला ठाऊक असते आणि कदाचित त्याचा जोडीदारही तिथेच असतो. सरळ, न थकता उडता आले तरच सोडायचे. दिवसा वावरणारे सकाळी, घुबड-पिंगळा दिवेलागणीला. वनविभागाने नेलेले पाखरू बरे झाले की आपल्या बांधावर सोडायला आणा, असे त्यांना आधीच सांगून ठेवा.

सगळी वाचत नाहीत, हेही मुलांना सांगावे. योग्य हातात वेळेवर दिलेल्या पाखरांतलीही काही जातात. पण आपल्या हातून दूध पाजून, तेल चोळून ते मेले नाही, एवढे समाधान उरते. आणि पुढचे पाखरू आले की काय करायचे हे त्या पोराला ठाऊक असते.

या आठवड्यात दोन कामे करा. एक रिकामे पुठ्ठ्याचे खोके भोके पाडून माळ्यावर ठेवून द्या, आणि शेततळ्याच्या काठाला दोर बांधा. पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी बोलू. राम राम.